पावसाळ्यात बांधायचं किट: आओशिमाची १/३२ सुझुकी जिम्नी

निकाल आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच ऑर्डर टाकली तरी चालेल. रत्नागिरी, देवगड, मालवण, अलिबाग, कुठेही समुद्राच्या वाऱ्यात राहत असाल आणि जून ते सप्टेंबर हाताला काहीतरी चाळा हवा असेल तर आओशिमाच्या 'द स्नॅप किट' सिरीजमधली जिम्नी घ्या, म्हणजे सुटे भाग जोडून बांधायचं गाडीचं प्लॅस्टिक मॉडेल, खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढं. रंग नको, गोंद नको, कंप्रेसर नको, एक साईड कटर आणि थोडा वॉटर पेपर असला की झालं. आणि ते १/२४ चं मोठं किट, ज्याच्या डब्यावरचं चित्र बघून तुम्ही पाघळलायत, ते घ्यायचंच असेल तर घ्या पण कपाटात टाका, दिवाळीनंतर काढा.

हे एवढं ठासून का सांगतोय, तर किटचे जेवढे रिव्ह्यू आपण बघतो ते सगळे कोरड्या हवेतल्या लोकांचे असतात. पुण्यातला माणूस गच्चीवर जाऊन स्प्रे मारतो आणि अर्ध्या तासात बोट लावून दाखवतो, बघा सुकलं. आमच्याकडे जुलैमध्ये खोलीतला आर्द्रता मीटर ८५-९० च्या खाली उतरायचं नाव घेत नाही. लॅकर स्प्रेचं कसं असतं, त्यातलं थिनर भसाभस उडून जातं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं, मग हवेतली वाफ त्या गार रंगावर बसते आणि रंगाच्या थरातच अडकते, आणि सकाळी बघावं तर चकचकीत लाल बॉडीवर पांढुरका धुरकट पडदा. याला उपाय नाहीत असं नाही, रिटार्डर घालून थिनर सावकाश उडेल असं करता येतं, डीह्युमिडिफायर लावून खोली बंद करून बसता येतं, पण रिटार्डर घातला की रंग तेवढाच जास्त वेळ ओला राहतो, आणि ओल्या रंगावर काय काय येऊन बसतं ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. पहिला पाऊस पडला की दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्या, नंतर ते बारके हिरवे किडे. आणि डीह्युमिडिफायरचं म्हणाल तर त्याला लाईट लागते, वारा सुटला की ती पहिली जाते.

म्हणून माझं मत असं झालंय की इकडे किट घेताना गाडी कुठली हे दुसरं, ते किट तुमच्याकडून रंगकाम किती मागतं हे पहिलं. या एका कसोटीवर जिम्नी पास होते आणि बाकीची भली भली मंडळी नापास होतात.

आता मालाबद्दल. आओशिमा जपानच्या शिझुओकाची कंपनी. तामिया पण तिथलीच, फुजिमी तिथलीच, हासेगावा त्याच जिल्ह्यातल्या याइझु गावची. म्हणजे रत्नागिरीला जसा हापूस तसं शिझुओकाला प्लॅस्टिक मॉडेल. तामियाची सुरुवात तर १९४६ ला लाकडाच्या व्यवसायातून झाली, आधी लाकडाची मॉडेलं आणि मग प्लॅस्टिक. या लोकांच्या हातात ते आहे, त्यामुळे डबा उघडल्यावर फिटिंगची काळजी सहसा करावी लागत नाही.

स्नॅप किट म्हणजे खाचेत खुंटी दाबून बसवायची, गोंदाचं काम नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक भाग ज्या रंगाचा हवा त्याच रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये ओतलेला येतो, बॉडी बॉडीच्या रंगात, खालचा सांगाडा काळा, काचा पारदर्शक. लोगो, दिव्यांची बारीक कामं वगैरेंसाठी स्टिकर. जिम्नी त्यांच्याकडे बऱ्याच रंगांत मिळते, त्यातला कायनेटिक यलो म्हणजे तो लिंबासारखा भडक पिवळा आणि जंगल ग्रीन म्हणजे गडद मिलिटरी हिरवा, हे दोन मला विशेष. मेटॅलिक रंगाचं किट घेऊ नका असं मी सांगीन, कारण खऱ्या मेटॅलिकची चमक प्लॅस्टिकमध्ये तशी येत नाही, प्लॅस्टिकच्या बादलीसारखं काहीतरी दिसतं. सपाट रंग मात्र नुसत्या पॉलिशवर झकास उठतात.

मापं सांगतो म्हणजे अंदाज येईल. ही जिम्नी जपानची छोटी, केई वर्गातली, जेबी६४. केई म्हणजे ३.४० मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ६६० सीसी याच्या आत बसलं पाहिजे असा तिकडचा नियम. खरी गाडी ३३९५ मिलिमीटर लांब आणि १४७५ रुंद, इंजिन ६५८ सीसी टर्बो. ३२ ने भागा, साडेदहा सेंटीमीटरची गाडी हातात येते, रुंदी साडेचारच्या थोडी वर. मुठीत मावते. ज्यांना वाटतं एवढ्याशाचं काय करायचं त्यांनी लक्षात घ्या की १/२४ आणि १/३२ एका फळीवर ठेवले की १/३२ वाली गाडी पोरासारखी दिसते, त्यामुळे शोकेसमध्ये वेगळी फळी द्या. अमेरिकन किटं बहुतेक १/२५ आणि जपानी १/२४, तो फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही, हा जाणवतो.

आणि आता ती गोष्ट जी घरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो. आमच्या शेजारच्या काकांनी उचलून उलटीपालटी केली आणि म्हणाले, "अरे ही आपली जिम्नी ना, मग मागचे दरवाजे खाल्लेस काय?" नाही काका, मागचे दरवाजे मुळात नाहीतच. आपल्याकडे मारुतीने जून २०२३ मध्ये आणली ती पाच दरवाजांची, लांबी ३९८५. ही तीन दरवाजांची. गंमत म्हणजे तीन दरवाजांची जिम्नी सुद्धा जानेवारी २०२१ पासून भारतात बनून बाहेर जातेय, फक्त आपल्याला विकत नाहीत. आणि आपली पाच दरवाजांची २०२५ च्या जानेवारीत जपानमध्ये नोमाड नावाने जाहीर झाली तर चार दिवसांत पन्नास हजाराच्या आसपास बुकिंग आलं आणि सुझुकीला ऑर्डर घेणं थांबवावं लागलं. आपल्याकडे शोरूममध्ये लोक नाक मुरडत होते ती गाडी. असो.

कुणाच्या डोक्यात येईल की दोन किटं घेऊन मधून कापून पाच दरवाजांची करू, मलाही आलं होतं, पण हिशोब मांडला आणि सोडून दिलं. व्हीलबेस २२५० चा २५९० करायचा म्हणजे १/३२ मध्ये साडेदहा मिलिमीटर वाढवायचे, ते जमेल. पण आपली गाडी रुंद अंगाची आहे, १६४५ रुंदी, म्हणजे मॉडेलमध्ये पाच मिलिमीटरहून जास्त फरक, चाकांवरच्या कमानी बंपर सगळं वेगळं. आणि कापाकापी केली की पुट्टी आली, पुट्टी आली की रंग आला, रंग आला की पुन्हा तीच हवा. स्नॅप किट घेऊन मग उपयोग काय.

स्टिअरिंग मात्र आपल्यासारखं उजवीकडे, हे बरं. जपानी गाड्यांच्या किटचा हा फायदा कुणी बोलत नाही, युरोपियन गाडीचं किट डाव्या स्टिअरिंगचं असलं की खिडकीतून बघताना सारखं चुकल्यासारखं वाटतं. शिवाय जिम्नी म्हणजे आपल्या जिप्सीचीच पुढची पिढी. १९८५ ला आलेली मारुती जिप्सी सुझुकीच्या त्याच जुन्या जिम्नीवर बेतलेली होती, आणि पोलीस, वनखातं, मिलिटरी, सगळीकडे ती बघत आपण मोठे झालो. जंगल ग्रीन रंगातली जिम्नी पूर्ण झाल्यावर आमच्याकडे दहापैकी आठ जण "जिप्सी काय?" असंच विचारतात, मी हो म्हणतो.

बांधणीवर येऊ. लहान मुलाला पण जमेल असं डब्याच्या भाषेतून वाटतं, आणि जमतं सुद्धा, एका संध्याकाळी गाडी उभी राहते. पण चांगली उभी करायची असेल तर इथे एक मेख आहे जी रंगवायच्या किटमध्ये नसते. रंगवायच्या किटमध्ये तुम्ही भाग कसाही तोडा, ओरखडा पडला, घासा, वरून प्रायमर आणि रंग बसणारच आहे. इथे प्लॅस्टिक हाच शेवटचा रंग. रनरपासून, म्हणजे सगळे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून, भाग कापताना कटर एकदम भागाला टेकवून दाबला की प्लॅस्टिकला ताण येऊन तिथे पांढरा डाग उठतो, आणि पिवळ्यावर नाही कळला तरी गडद हिरव्यावर लांबून दिसतो. त्यामुळे दोनदा कापायचं. आधी लांबून, एखाद मिलिमीटर दांडी ठेवून, मग उरलेली दांडी धारदार कटरने किंवा नव्या ब्लेडने पातळ पातळ सोलत आणायची. शेवटी ८०० किंवा १००० नंबरचा वॉटर पेपर, मग १५००, २०००. थोडासा पांढरा डाग राहिलाच तर नखाच्या पाठीने जोरात घासा, बऱ्यापैकी बुजतो. वॉटर पेपर गाड्यांच्या पेंटिंग गॅरेजवाल्याकडून घ्या, हॉबीवाल्याच्या पाकिटापेक्षा किती तरी स्वस्त, कागद तोच.

मग पॉलिश. हा माझा सगळ्यात आवडता भाग आणि पावसाळ्यात याच्यासारखं काम नाही, कारण दमट हवेचा काडीचा फरक पडत नाही. तामियाचं पॉलिशिंग कंपाऊंड कोर्स, फाईन आणि फिनिश अशा तीन ट्यूबमध्ये येतं, कोर्स इथे लागतच नाही, फाईन आणि फिनिश पुरे. मऊ सुती कापड, जुन्या गंजीचं सगळ्यात उत्तम, बोटाला गुंडाळायचं आणि रेडिओ लावून बसायचं. बाहेर पाऊस धरलेला असतो, चहा बाजूला, आणि अर्ध्या-पाऊण तासात त्या पिवळ्या प्लॅस्टिकला अशी झळाळी येते की खेळण्यातली गाडी हा शब्द कुणाच्या तोंडून निघत नाही. कडांवर मात्र जपून, जिम्नी सगळी चौकोनी आहे, धारा गोल झाल्या की चेहराच जातो तिचा.

पुढचा मुद्दा जरा नीट वाचा. दरवाजांच्या फटी, बॉनेटच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून आपण पॅनल लाईनचं ते पातळ काळं द्रावण सोडतो. ते इनॅमलवालं असतं. रंगवलेल्या मॉडेलवर चालतं कारण खाली रंगाचा थर असतो. उघड्या प्लॅस्टिकवर, आणि तेही स्नॅप किटवर जिथे प्रत्येक खुंटी खाचेत ताणून बसलेली आहे, त्या द्रावणातलं थिनर सांध्यात शिरलं की ताणलेलं प्लॅस्टिक तडकू शकतं. लगेच नाही, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून लाईनिंग करायचंच असेल तर जोडणीच्या आधी सुट्या भागांवर करा आणि पूर्ण सुकू द्या, किंवा सरळ ०.३ ची क्लच पेन्सिल घ्या आणि फटीतून फिरवा. बॉडी पिवळी असेल तर काळ्यापेक्षा करडी रेषा चांगली दिसते, पेन्सिलीचं शिसं करडंच असतं, काम फत्ते. बोटाने पुसलं की जास्तीचं निघून जातं.

स्टिकरबद्दल माझं मत जरा आंबट आहे. हे आओशिमाचं म्हणून नाही, कुठल्याही किटमधल्या स्टिकरबद्दल. पाण्यात सोडून सरकवायचे डेकल असतात ते पातळ, त्यावर सॉफ्टर, म्हणजे डेकल मऊ करणारं द्रावण, लावला की पृष्ठभागाला चिकटून बसतात, रंगवल्यासारखे दिसतात. स्टिकरला जाडी असते, कड दिसते. आणि आपल्या हवेत कड दिसते तिथून ती उचलायला पण लागते. बोटाचं तेल लागू देऊ नका, चिमट्याने उचला, लावायच्या जागी आधी स्पिरिटने पुसा, लावल्यावर कापूसकाडीने कडेकडेने दाबा. दिव्यांचे स्टिकर तर मी लावतच नाही, त्याऐवजी ब्रशने रंगवतो. हो, ब्रशने. थोडा रंग चालतो पावसाळ्यात, पाण्याशी जमणारा अक्रिलिक, इवल्याशा जागेवर, तो सुकतो. तामियाचे चार छोटे बाटले पुरतात, एक्स-२७ क्लिअर रेड मागच्या दिव्यांना, एक्स-२६ क्लिअर ऑरेंज इंडिकेटरला, एक्स-११ क्रोम सिल्व्हर आतल्या बारीकसारीक गोष्टींना आणि एक्स-१८ सेमी ग्लॉस काळा वायपर आणि डॅशबोर्डला. एवढ्या चार बाटल्यांत गाडी कुठल्या कुठे जाते. आत सीटवर थोडा मॅट काळा मारलात तर आणखी छान, कारण काचेतून नुसतं चकाकणारं काळं प्लॅस्टिक दिसलं की मजा जाते.

जे नाहीये ते पण सांगायला हवं. इंजिन नाही. बॉनेट उघडत नाही. गोंदाची, इंजिनाची, सस्पेंशनच्या दांड्या एकेक करून बसवायची ज्यांना सवय आहे त्यांना हे पोरखेळ वाटेल, आणि त्यांचं बरोबर आहे. एक्स्ट्रा थिन सिमेंटचा, म्हणजे मॉडेलच्या पातळ गोंदाचा, ब्रश सांध्याला टेकवला आणि ते आपोआप फटीतून धावत गेलं, ते बघण्यात जे सुख आहे ते इथे नाही मिळत. गोंद मुळात चिकटवत नाही, दोन्हीकडचं प्लॅस्टिक विरघळवून एक करतो, त्यामुळे तो सांधा कायमचा. स्नॅपचा सांधा खुंटीच्या भरवशावर. पण उलट बाजूने बघा, खुंटी बसली नाही तर उघडून परत बसवता येते, भाच्याने उलट बसवलं तर रडारड नाही. गणपतीत मुंबईहून सगळी पोरं येतात तेव्हा मी मुद्दाम एकदोन स्नॅप किटं ठेवून देतो, मोबाईल बाजूला पडतात, निदान आरतीपर्यंत तरी.

आता पैशाचा विषय. किट परदेशी आणि आपल्याकडे खेळणी आणि स्केल मॉडेलं कस्टमच्या एकाच खान्यात येतात. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर नेली, २०२३ मध्ये ७० वर. त्यामुळे जपानमधली येनची किंमत बघून रुपयांत हिशोब मांडू नका, उगाच रक्तदाब वाढेल. तरीसुद्धा स्नॅप किट परवडतं कारण बिल तिथेच थांबतं. १/२४ चं किट घेतलं की त्याच्या मागोमाग प्रायमर, बॉडीचा स्प्रे, क्लिअर, थिनर, मास्किंग टेप अशी वरात निघते, आणि स्प्रेचे डबे दाबाखालचे आणि ज्वलनशील, विमानाने येत नाहीत, मग रस्त्याने येणार, मग आंबा घाटात काय स्थिती आहे त्यावर तुमचं मॉडेल अवलंबून. एका ऑनलाईन दुकानदाराने तर मला किट पाठवलं आणि स्प्रे 'तुमच्या पिनकोडला जात नाही' म्हणून परस्पर ऑर्डरमधून काढून टाकला, कळवलं सुद्धा नाही, त्याचं नाव घेत नाही. स्नॅप किटला ही भानगड नाही, पुठ्ठ्याचा एक डबा, कुठेही येतो. फक्त पावसाळ्यात मागवताना दुकानदाराला सांगून बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळून घ्या. आमच्याकडे पार्सल पडवीत ठेवून जातात आणि पाऊस तिरका असतो.

ठेवायचं कसं हे कुणी विचारत नाही आणि मग दोन वर्षांनी हळहळतात. उघड्या फळीवर ठेवू नका. खारा वारा प्लॅस्टिकचं काही वाकडं करत नाही पण धूळ आणि दमटपणा मिळून जो चिकट थर बसतो तो पुसताना पॉलिश जातं, आरसे तुटतात ते वेगळंच. लाकडी शोकेस असेल तर मागच्या फळीला बुरशी धरते, ती आधी बघा. मी पारदर्शक झाकणाचे खाऊचे डबे वापरतो, आत सिलिका जेलच्या पुड्या, औषधाच्या आणि बुटांच्या डब्यातून जमवलेल्या, पुड्या अधूनमधून उन्हात टाकायच्या. न बांधलेली किटं असतील तर त्यांचे डेकल आणि सूचनापत्रक वेगळ्या झिपच्या पिशवीत काढून ठेवा, प्लॅस्टिकला दहा वर्षं काही होत नाही, डेकल मात्र पिवळे पडतात. आणि जुन्या किटांमध्ये रबरी टायर असतील तर ते चाकांना टेकवून ठेवू नका, जुन्या मऊ टायरमधलं तेलकट रसायन बाहेर येऊन प्लॅस्टिकच्या रिमला खातं, डबा उघडल्यावर टायर रिममध्ये रुतलेला सापडतो.

तर पहिल्यांदाच घेत असाल तर पिवळी घ्या, पांढरे डाग लपतात, पॉलिश लगेच दिसतं. हात बसलेला असेल तर जंगल ग्रीन. सोबत एक बरा साईड कटर घ्या, इलेक्ट्रिशियनचा चालणार नाही, त्याची धार दोन्हीकडून उतरती असते आणि प्लॅस्टिक चिरडते, एका बाजूने सपाट असलेला हवा. वर सांगितलेल्या चार बाटल्या, एक बारीक ब्रश, आणि कंपाऊंडची फाईन ट्यूब. फिनिश नंतर घेतली तरी चालेल. पॅनल लाईनची बाटली कार्टमध्ये टाकली असेल तर काढा.